रोग नेहमी दुसऱ्याचाच : गुप्तरोगांचा थोडा इतिहास

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही चारपाच जणी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. एक मैत्रीण हळूच जवळ आली आणि म्हणाली, "तू लॅबमध्ये काम केलंयस म्हणून तुला विचारते. मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी एचपीव्हीची लस घ्यायला सांगितलंय. ती अकरा वर्षांची आहे गं! ही लस म्हणे तसल्या रोगावरची असते. आपल्या घरात तिची काय गरज?"

मी तिला जमेल तसे उत्तर दिले. पण घरी परतताना 'तसल्या रोगावरची' आणि 'आपल्या घरात' हे शब्द डोक्यात घोळत राहिले. तीस वर्षे मी इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळल्या. नळीवर नाव असते, जन्मतारीख असते. घराणे आणि संस्कार लिहिलेले नसतात. म्हणून संपादकांनी आरोग्यावर काहीतरी लिही म्हटल्यावर मी हाच विषय घेतला. लेखात काही शब्द असे येतील, की जे आपण चारचौघांत उच्चारत नाही. त्याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

परक्याचे नाव

उपदंश, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला 'गरमी' म्हणतात तो सिफिलिस, युरोपात प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला तो १४९५ च्या सुमारास. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याने इटलीवर स्वारी करून नेपल्स घेतले. त्याचे भाडोत्री सैनिक परत आपापल्या देशी गेले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. इटालियन आणि जर्मन लोकांनी त्याला नाव दिले 'फ्रेंच रोग'. फ्रेंच म्हणाले, हा तर 'नेपल्सचा रोग'. रशियनांनी तो पोलंडच्या माथी मारला आणि तुर्कांनी ख्रिश्चनांच्या. 'सिफिलिस' हे नाव १५३० साली फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याने लिहिलेल्या एका लॅटिन काव्यातून आले. त्या काव्यातल्या मेंढपाळाचे ते नाव.

यात आपणही मागे राहिलो नाही. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. पुढच्याच शतकात भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या संस्कृत वैद्यकग्रंथात 'फिरंगरोग' या नावाने या व्याधीचे वर्णन येते. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज आणि एकूणच युरोपियन लोक. त्यांच्या संसर्गाने येणारा तो फिरंगरोग. भावमिश्रांचे निरीक्षण चांगले होते आणि उपचारही त्या काळाला धरून होते : पाऱ्याचा रसकर्पूर आणि चोपचिनी. पण नावाची तऱ्हा मात्र जगभर एकच. रोग आपल्या घरातला नव्हे, तो शेजारच्या देशाने, परक्या धर्माने, दुसऱ्या जातीने आणलेला. नाव असे पडले, की ज्याला तो रोग होतो त्याला तो सांगण्याची सोयच उरत नाही. सांगणे म्हणजे आपण बाटलो असे कबूल करणे.

पारा, ६०६ आणि पेनिसिलिन

पुढची सुमारे चारशे वर्षे युरोपात आणि आपल्याकडेही मुख्य औषध पाराच होते. पाऱ्याने लाळ गळायची, दात पडायचे, आणि रोगाने मेला की औषधाने हे सांगणे कठीण व्हायचे. परमा (गनोरिया) आणि उपदंश हे दोन वेगळे रोग आहेत हेसुद्धा १८३८ साली पॅरिसच्या रिकॉर या डॉक्टरने नीट दाखवून दिले. परम्याचा जंतू नायसरने १८७९ मध्ये ओळखला. उपदंशाचा मळसूत्रासारखा पिळाचा जंतू शाउडिन आणि हॉफमन यांना बर्लिनमध्ये १९०५ साली दिसला. लगेच पुढच्या वर्षी वासरमनची रक्ततपासणी आली. १९०९ मध्ये पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी हाता यांना सोमलयुक्त '६०६ क्रमांकाचे' औषध सापडले. ते १९१० पासून साल्व्हरसान या नावाने विकले जाऊ लागले. आणि १९४३ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील इस्पितळात डॉ. महोनी यांनी चार रोग्यांना पेनिसिलिन देऊन उपदंश बरा होतो हे दाखवले.

म्हणजे जंतू दिसल्यापासून चाळीस वर्षांच्या आत रामबाण औषध हाती आले. वैद्यकाच्या इतिहासात असे फार थोड्या रोगांच्या वाट्याला आले आहे. मग हा रोग संपला का नाही? त्याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही. त्यासाठी समाजाकडे पाहावे लागते.

तपासणी फक्त बायकांची

इंग्रज सरकारला आपल्या गोऱ्या सैनिकांची काळजी होती. इंग्लंडमध्ये १८६४ पासून आणि हिंदुस्थानात १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नावनोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. रोग आढळला की 'लॉक हॉस्पिटल'मध्ये बंद. मुंबईतही हा कायदा लागू झाला. त्यात मेख अशी होती, की बाईला तपासायचे, पण तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला नाही. साहजिकच बायका नाव नोंदवण्याचे टाळू लागल्या, लपू लागल्या. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर या बाईंनी याविरुद्ध मोठी चळवळ केली. तिथला कायदा १८८६ साली आणि आपल्याकडचा १८८८ साली रद्द झाला. अर्ध्याच लोकांना तपासले आणि तेही शिक्षा म्हणून, तर रोग हटत नाही, फक्त लपतो.

एक मराठी मासिक

याच विषयावर मराठीत उघडपणे लिहिणारा माणूस महर्षी कर्व्यांच्याच घरात जन्मला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. 'गुप्तरोगापासून बचाव' या नावाचे पुस्तकच त्यांनी लिहिले. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, ते १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत. पदरचे पैसे घालून आणि जवळजवळ एकट्याच्या बळावर.

वाचकांचे प्रश्न ते छापत आणि त्यांना सरळ उत्तरे देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला.

गंमत पाहा. त्याच १९३४ साली इकडे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य आयुक्त डॉ. टॉमस पॅरन रेडिओवर भाषण देणार होते. भाषणात 'सिफिलिस' हा शब्द येता कामा नये, असे रेडिओ कंपनीने बजावले. तेव्हा पॅरनसाहेबांनी भाषणच रद्द केले. आपण नेहमी म्हणतो, की इथले लोक मोकळे आणि आपण सोवळे. नव्वद वर्षांपूर्वी मुंबई आणि न्यूयॉर्क या बाबतीत एकाच माळेचे मणी होते.

पिंपरीचे पेनिसिलिन आणि आमच्या आळीतल्या काकू

पुण्याकडच्या वाचकांना पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स माहीत असेलच. 'एच.ए. कॉलनी' आजही त्या नावाने ओळखली जाते. सरकारने ती कंपनी १९५४ साली स्थापन केली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. उपदंशावरचे औषध आता बोटीने यायला नको होते.

आता एक घरगुती आठवण सांगते. नावगाव सांगत नाही. आम्ही तालुक्याच्या गावी राहत होतो. आळीत एक काकू होत्या, देखण्या, हाताला चव असलेल्या. साठीच्या दशकात त्यांची तीन मुले गेली. दोन पोटातच, आणि तिसरे जन्मल्यावर आठवड्याभरात. घरच्यांनी पत्रिका दाखवल्या. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी केला. काकूंनी सोळा सोमवार धरले. सासूबाई त्यांना सणासुदीला ओटी भरायला पुढे येऊ देत नसत.

पुष्कळ वर्षांनी, मी इथे नोकरीला लागल्यावर, आईने एकदा फोनवर सहज सांगितले, की त्यांचे यजमान तेव्हा जिल्ह्याच्या गावी जाऊन एका डॉक्टरकडून 'सुया' घेत असत. गावातल्या पुरुषमंडळींना ते ठाऊक होते. काकूंना मात्र कोणी सांगितले नाही, आणि त्यांना कोणी तपासलेही नाही. तपासणीच झाली नाही, तेव्हा खात्रीने बोलणे बरे नव्हे. पण गरोदर बाईला उपदंश असेल तर मूल पोटात जाणे किंवा जन्मल्यावर लगेच दगावणे हे अगदी नेहमीचे, आणि तिला वेळेवर पेनिसिलिन दिले तर आई आणि मूल दोघेही वाचतात. औषध पिंपरीत बनत होते. यजमानांच्या दंडात ते गेले असावे. काकूंपर्यंत तेवढे पोचले नाही.

अमेरिकेतली चाळीस वर्षे

या देशाचा इतिहासही याहून स्वच्छ नाही. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ साली सरकारच्याच आरोग्यखात्याने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णी पुरुषांवर एक 'अभ्यास' सुरू केला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. 'तुमचे रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. पेनिसिलिन आले तरी ते त्यांना मुद्दाम दिले नाही. १९७२ साली वर्तमानपत्रांनी वाचा फोडली तेव्हा हा प्रकार थांबला, आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. या चाळीस वर्षांत कित्येक बायकांना नवऱ्यापासून आणि मुलांना आईपासून रोग गेला.

आळीतल्या काकू आणि अलाबामातली ती माणसे यांच्यात समुद्र आहेत. पण दोन्हीकडे घडले ते एकच. ज्याचे शरीर, त्यालाच कोणी खरे सांगितले नाही.

गडचिरोली आणि मद्रास

आपल्या लोकांनी याबाबतीत नुसते गप्पच बसणे पसंत केले असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट' या नामवंत साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा कोणता ना कोणता आजार होता. त्यांतला निम्मा भाग जंतुसंसर्गाचा. तक्रार मात्र ५५ जणींचीच होती, आणि आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८. या अभ्यासाने जगाला दाखवले, की बाई दवाखान्यात येत नाही याचा अर्थ ती निरोगी आहे असा नाही.

दुसरे नाव डॉ. सुनीती सॉलोमन यांचे. माहेरच्या त्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात असताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले. एड्स हा परदेशी लोकांचा रोग, आपल्याकडे तो येणार नाही, असे त्या वेळी मोठमोठे लोक म्हणत होते. फिरंगरोगाचीच पुनरावृत्ती. सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले आणि इतर डॉक्टर हात लावायला कचरत अशा रुग्णांना तपासले. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

आणि आपण ज्या देशात येऊन राहिलो त्याने काय केले? एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला १९८७ पासून अमेरिकेत येण्यास बंदी होती. ती उठली जानेवारी २०१० मध्ये. तेवीस वर्षे परक्याला दारात अडवले, आणि तेवढ्या काळात विषाणू घरातच पसरत होता.

आज काय स्थिती आहे?

जुन्या काळच्या गोष्टी म्हणून हे सोडून देता येत नाही. काकूंच्या बाबतीत जे झाले असावे, म्हणजे आईकडून बाळाला उपदंश होणे, ते या अमेरिकेत २०२३ साली ३,८८२ वेळा झाले. २०२२ सालच्या अशा मुलांबद्दल सरकारी रोगनियंत्रण केंद्राचे म्हणणे असे, की वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर १० पैकी जवळजवळ ९ वाचली असती. औषध तेच, १९४३ चे पेनिसिलिन.

तेव्हा प्रत्येक घरात माहीत असाव्यात अशा काही गोष्टी :

ओळखावे कसे? बहुतेक वेळा ओळखता येत नाही, हेच पहिले लक्षात ठेवावे. क्लॅमिडिया आणि परमा यांची स्त्रियांत बरेचदा काहीच लक्षणे नसतात, आणि आत गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल होण्यात अडचण येते. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. माणसाला वाटते बरे झाले. पुढे अंगावर, तळहात आणि तळपायांवरसुद्धा पुरळ येते, तेही जाते. जंतू मात्र राहतो आणि पुष्कळ वर्षांनी हृदय किंवा मेंदू धरू शकतो. लघवीला जळजळ, स्राव, फोड, व्रण किंवा ओटीपोटात दुखणे असे काही असेल तर तपासून घ्यावेच.

तपासणी सोपी आहे : लघवी, रक्त किंवा कापसाच्या काडीने घेतलेला नमुना. गरोदरपणात ती प्रत्येकीने करावी. लैंगिक संबंध असलेल्या पंचवीस वर्षांखालील मुलींनी क्लॅमिडिया आणि परम्याची तपासणी दरवर्षी करावी, आणि एचआयव्हीची आयुष्यात एकदा तरी सर्वांनी, असा इथला सल्ला आहे.

उपचार : उपदंश, परमा, क्लॅमिडिया हे औषधांनी पूर्ण बरे होतात. एचआयव्ही बरा होत नाही, पण रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. देशातून येताना आपण औषधांची जी पिशवी आणतो, त्यातल्या गोळ्या या रोगांवर स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. परम्याच्या जंतूने एकेक करून बरीच जुनी औषधे पचवली आहेत. आणि जोडीदाराचा उपचार त्याच वेळी झाला नाही तर रोग परत येतो. एकट्याच्या दंडातली सुई पुरत नाही.

प्रतिबंध : निरोध, कावीळ ब ची लस, आणि माझ्या मैत्रिणीने विचारलेली एचपीव्हीची लस. हा विषाणू इतका सर्वत्र आहे, की तो बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी गाठतोच. त्यातून गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये या लसीचे भारतीय उत्पादनही बाजारात आणले. ती लहान वयात द्यायची, कारण रोग गाठण्याआधी ती पोचली पाहिजे. मुलगी पुढे कितीही 'चांगल्या घरात' पडली आणि एकाच माणसाबरोबर संसार केला, तरी त्या माणसाबरोबर तो विषाणू येऊ शकतो. मुलग्यांनाही ही लस देतात.

शेवटी मुलांविषयी. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत अल्पवयीन मुलांना ठरावीक वयानंतर या रोगांची तपासणी आणि उपचार आईवडिलांच्या संमतीवाचून घेता येतात. कायद्याने ही वाट मोकळी ठेवली आहे, आणि ते बरेच झाले. आता प्रश्न एवढाच उरतो, की आपल्या मुलाला किंवा मुलीला आपल्याला सांगावेसे वाटेल का. ते उत्तर आपण टीव्हीसमोर बसून 'शी, तसले लोक!' म्हणतो, तेव्हाच ते ऐकून ठेवतात.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मैत्रिणीला मी एवढेच विचारले, "ग्रीन कार्डाच्या वेळी वैद्यकीय तपासणी झाली होती ना? रक्त काढलं होतं?" ती हो म्हणाली. म्हटलं, "त्यात सिफिलिसचीसुद्धा चाचणी होती. माझीही झाली, तुझ्या नवऱ्याचीही झाली. तेव्हा कोणी विचारलं नाही, तुम्ही चांगल्या घरातले का म्हणून." ती आधी चमकली, मग हसली. लेकीला लसीचा पहिला डोस दिल्याचे तिने परवा फोनवर कळवले.

कोणाला काही विचारायचे असेल तर मंडळाच्या पुढच्या पॉटलकला मी असेनच. स्वयंपाकघरात यावे, नाहीतर सरळ बाहेर सर्वांसमोर विचारावे. मला दोन्ही चालेल.

– मंडळाची एक जुनी सभासद